कोरड्या चकत्या

म्हशीच्या एकाच कातड्यातून कापलेल्या आठ चकत्या होत्या. त्यांतल्या चार मी नासवल्या आणि त्याचा ठपका दुसऱ्या माणसावर बसू दिला. या गोष्टीला वीसपेक्षा जास्त वर्षं झाली. माझ्या घरात हे कोणाला माहीत नाही. बायकोलाही मी कधी सांगितलं नाही. लोक मला सरळ माणूस समजतात, आणि कोणी तसं तोंडावर म्हणालं की मी हातातलं काम पुढे ओढतो आणि मान खाली घालतो. त्यांना ती नम्रता वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. हिंगोलीत जुन्या छावणीकडच्या रस्त्याला आमच्या उस्तादांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी तिथे चार वर्षांपासून कामाला होतो. माझं वय तेव्हा सव्वीस. घर शेतकऱ्याचं, मी तीन भावांतला धाकटा. शेतावर तेलाचं इंजिन पाहण्यात आलं तेव्हापासून माझं मन लोखंडाकडे गेलं आणि मी घर सोडलं. सणाला घरी गेलो की भाऊ विचारीत, "काय रे, तुझ्या मोटारीला वैरण घातली का? की उपाशी ठिवून आलास?" वडील नुसते माझ्या काळ्या नखांकडे बघत. त्यामुळे लोकांनी मला "मिस्त्री" म्हणायला सुरुवात केली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. तो शब्द हातातून जाऊ नये, एवढीच तेव्हा माझी धडपड होती. पुढे जे केलं त्याचं कारण तेच आहे, दुसरं शोधण्यात अर्थ नाही.

डोंगरकड्याच्या बाजूला एक तरुण जमीनदार राहत. सगळे त्यांना "सरकार" म्हणत. त्यांच्याकडे दोन माणसांची उघडी मोटार होती: बसकी, लांब नाकाची, कधीकाळी हिरवी असलेली. सिकंदराबादेच्या एका गोऱ्या साहेबाने विलायतेला जाताना ती विकली होती. शर्यतीसाठी केलेली गाडी, आणि आमचे रस्ते बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे. सरकार ती अशी दामटीत की बायाबापड्या लेकरं उचलून बांधावर चढत. दोन वर्षांत गाडी खिळखिळी झाली. खड्डा आला की तिचं मागचं अंग उसळायचं आणि पुढच्या खड्ड्यापर्यंत नाचत राहायचं.

"शॉकप गेले," उस्ताद म्हणाले.

आजच्यासारखे नळकांड्याचे, आत तेल भरलेले शॉकप, म्हणजे धक्के जिरवणारे भाग, ते नव्हते. अडकित्त्याच्या दोन दांड्यांसारखे दोन लोखंडी दांडे असत. एकाचं टोक गाडीच्या सांगाड्याला, दुसऱ्याचं चाकाच्या आसाला. दोघं जिथे जुळत तिथे मधे लाकडाच्या चकत्या, आणि वरून नट आवळलेला. चाक खड्ड्यात गेलं की कमानीचे पाटे उसळतात. या चकत्या घासतात आणि त्या घासण्याने उसळी मरते. घासणं हेच त्यांचं काम. आमच्या गाडीच्या लाकडी चकत्या झिजून पापडासारख्या झाल्या होत्या, दोन तर फुटल्या होत्या. लढाईमुळे मुंबईहून माल येत नव्हता. हैदराबादेला चिठ्ठी पाठवली, तिचं उत्तरच आलं नाही.

उस्तादांनी तो दांडा हातात घेऊन बराच वेळ उघडला-मिटला आणि रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे कडुनिंबाखाली एक चांभार बसत असत.

इथे मी त्यांना आदराने लिहितो आहे. तेव्हा मी तसं बोलत नसे. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते, त्यांच्या मिशा पिकायला लागल्या होत्या, आणि मी त्यांना "अरे, काय रे" करीत असे. ते मला "मिस्त्री, तुमी" म्हणत. रीतच तशी होती, असं म्हणून मी सुटू शकतो. पण उस्ताद ती रीत पाळत नव्हते. ते जसं माझ्याशी बोलत तसंच त्यांच्याशी बोलत, आणि दुपारचा चहा दोघांचा एकाच किटलीतला असे.

ते मूळचे कुरुंद्याचे. गावकीचं काम, म्हणजे शेतकऱ्यांच्या विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी मोटा शिवणं, नाडे-वाद्या करून देणं, हे सोडून ते शहरात आले होते. पण कडुनिंब काही छप्पर नव्हे. पावसाचे चार महिने त्यांचं बसणं बंद पडे. मग पुन्हा कुरुंद्याला जायचं, पुन्हा ज्याच्या-त्याच्या दारात उभं राहायचं. त्याचा त्यांना फार कंटाळा होता. एकदा मला म्हणाले होते, "मिस्त्री, गावात मला समदे वळखतात, पर कोणी बस म्हणत न्हाई."

उस्तादांनी त्यांना लाकडाची फुटकी चकती दाखवली. त्यांनी ती नखाने खरवडली, दांडा उघडला-मिटला आणि विचारलं, "हे धरायला पायजे का सुटायला पायजे?"

"धरके छोडना," उस्ताद म्हणाले. "आहिस्ता."

"मंग पोटाचं कातडं न्हाई चालायचं, ते ताणतं. पाठीचं पायजे."

चार दिवसांनी ते चकत्या घेऊन आले. म्हशीच्या पाठीचं कातडं, तरवडाच्या सालीत कमावलेलं, डब्याचं झाकण ठेवून आखलेलं आणि रापीने कापलेलं. आठही चकत्या एकावर एक ठेवल्या तर कडेला बोट फिरवून जोड लागत नव्हता. उस्तादांनी त्या दोनदा मोजल्यासारख्या केल्या, पण ते मोजत नव्हते, नुसत्या हाताळत होते. मग म्हणाले, "ये काम ठैर गया तो तू अंदर बैठ. रस्ते पे कायकू मरता?"

"अंदर म्हंजे कुठं, उस्ताद?"

"वो खिडकी के पास. वायसर काट, गॅस्केट काट, सीटां सी. बारा महिने."

ते चहा पिऊन पुन्हा रस्त्यापलीकडे गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा खिडकीखाली त्यांचा दगड आलेला होता. कातडं कापायचा तो सपाट काळा दगड, दोन माणसांनी उचलावा एवढा जड. अजून जागा ठरली नव्हती, काम टिकायचं होतं, पण दगड आला होता. मी हसून म्हटलं, "अरे, नवरीच्या आधी वरात आली की."

तेही हसले. "दगड हाय, मिस्त्री. बसला तर बसला, न्हाई तर उचलू."

पुढच्या चाकांचे दोन शॉकप उस्तादांनी स्वतः जुळवले, तेव्हा ते चांभारही शेजारी उकिडवे बसले होते. नवं कातडं घासताना कुरकुर करीत होतं आणि दांडा झटके खात सरकत होता. मला वाटलं, काम फसलं. उस्तादांनी दांडा हातात धरला आणि उघड-मिट, उघड-मिट सुरू केलं. अर्धा दिवस. हात दुखला की दुसऱ्या हाताने. मग कुरकुर हळूहळू मेली. शेवटी त्यांनी दांड्याच्या टोकाला हळकुंडांचं एक पोतडं लटकवलं. दांडा सावकाश, न थांबता, न झटका खाता खाली गेला.

"बैल बैठे सरीखा बैठना," उस्ताद म्हणाले. "धप्प नक्को, अटकना बी नक्को."

त्या वेळी त्या चांभारांनी आम्हा दोघांना, पण माझ्याकडे पाहून सांगितलं, "याला तेलाचं बोट बी लावू नका. कोरडं ठिवा. वरडलं तर वरडू द्या, आपसूक गप बसंल."

मी हो म्हटलं. ते शब्द मी ऐकले होते, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे.

मागचे दोन शॉकप माझ्यावर सोपवून उस्ताद पूर्णेला भाचीच्या लग्नाला गेले. मी एकटाच होतो. दुसऱ्या दिवशी सरकार घोड्यावरून आले.

"गाडी झाली का?"

"पुढचं झालं, सरकार. मागचं उद्या-परवा."

"उस्ताद नसला की गॅरेज झोपतं वाटतं?"

"न्हाई सरकार."

"मग तुम्ही काय चाकात हवा भरायलाच आहात का? परवा सकाळी मी माणूस पाठवतो."

ते गेले आणि मी मागचा शॉकप जुळवला. दांडा तसाच कुरकुरला, तसेच झटके खाऊ लागला. मी तो शंभर-दीडशे वेळा उघडला-मिटला असेल. खांदा भरून आला. कुरकुर कमी झाली नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की उस्तादांना लोखंड कळतं, चामडं कळत नाही. चामडं मला कळतं. मी मोटेच्या घरात जन्मलो.

आमच्याकडे नवं चामडं कोरडं कधी वापरत नाहीत. मोट असो, नाडा असो, जुवाची वादी असो. आधी करंजाचं तेल पाजायचं, उन्हात ठेवायचं, मग कामाला घ्यायचं. कोरडं चामडं म्हणजे उपाशी जनावर, असं माझे वडील समजत. लहानपणी हे काम माझ्याकडे असे आणि ते मी चांगलं करीत असे. वडिलांनी ज्या थोड्या कामांत मला नावाजलं त्यांतलं ते एक.

रस्ता ओलांडला की ते चांभार बसलेले होते. वीस पावलं. जाऊन विचारायचं होतं, "हे ओरडतंय, काय करू?" मी दारापर्यंत गेलोसुद्धा. ते कुणाची तरी वहाण शिवत होते. मला वाटलं, आता मिस्त्री म्हणवून घेणाऱ्याने चामड्यासाठी याला विचारायचं का? आणि विचारलं तर तो तेच सांगेल. मी परत फिरलो.

माझ्या वहाणांसाठी घरून आणलेली करंज तेलाची बाटली होती. ती उन्हात तापवली, परातीत ओतली आणि जुळवलेला शॉकप सोडून चारही चकत्या तेलात टाकल्या. ऊन कलेपर्यंत त्या भिजल्या. बाहेर काढल्या तेव्हा मऊ, गडद, भरलेल्या दिसत होत्या. मी त्या फडक्याने कोरड्या पुसल्या, जुळवल्या आणि नट पुरता आवळला. दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरला, आवाज नाही, झटका नाही. पोतडं लटकवलं. बैल बसतो तसा बसला. मी एकटाच होतो, तरी आजूबाजूला पाहिलं, कोणी पाहत आहे का म्हणून. कौतुक करायला कोणी तरी हवं होतं.

गाडी गेली. उस्ताद परत आले तेव्हा सरकार गाडी घेऊन मुद्दाम दाखवायला आले होते. उस्तादांनी एक फेरी मारली, उतरले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "अच्छा किया." रस्त्यापलीकडून ते चांभार उभं राहून बघत होते. उस्तादांनी त्यांना हात केला. त्या दिवशी त्यांनी आपली आरी, रापी, फरशी, सगळी हत्यारं आणून खिडकीखाली मांडलं. मी तेलाचं कोणालाच सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर नट सोडून चकत्या बदलता आल्या असत्या. पण थाप पाठीवर पडली होती.

सातव्या-आठव्या दिवशी वारंग्याच्या अलीकडे, नाल्याच्या फरशीपुलावर गाडी उसळली. मागची चाकं खाली टेकेनात. चकत्या घासून तापल्या होत्या, आत मुरलेलं तेल वर आलं होतं आणि नट कितीही आवळलेला असला तरी धरायला आत काहीच उरलं नव्हतं. गाडी नाचत रस्त्यावरून उतरली आणि ज्वारीत जाऊन आडवी झाली. सरकार बाहेर फेकले गेले. उजवा हात मनगटात मोडला. जीव वाचला, हे नशीब.

दोन बैलजोड्या लावून गाडी हिंगोलीला आणली. तिसऱ्या दिवशी सरकार आले. हात काठ्या लावून बांधलेला, चेहरा उतरलेला. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "माझ्यासमोर उघडा."

उस्तादांनी मागचा शॉकप उघडला. चकत्या काढल्या. बोटं चकाकली. त्यांनी त्या नाकाशी नेल्या.

"तेल."

"दाखवा इकडे," सरकार म्हणाले. डाव्या हाताने चकती घेतली, वास घेतला आणि लगेच म्हणाले, "हे मोटेचं चामडं आहे. जुनी मोट फाडून चकत्या काढल्या आणि नवं म्हणून दिल्या. माझ्या विहिरींवर आठ मोटा चालतात, मला हा वास कळत नाही का?"

हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. तेल पाजलेलं चामडं आमच्या मुलखात मोटेचंच असतं. खिडकीखालून ते चांभार उठून आले. त्यांनी चकती मागितली नाही. सरकारांनी खाली टाकली तेव्हा उचलली. अंगठ्याने दाबली, वास घेतला.

"सरकार, मोटेच्या चामड्याला पाण्याचा, शेवाळाचा वास ऱ्हातो. ह्याला त्यो न्हाई. हे तेल नवं हाय. आठ-पंधरा दिसांचं."

"म्हणजे गॅरेजवाल्यांनी लावलं?"

त्यांनी चकती पुन्हा अंगठ्याने दाबली. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला दार उघडून द्यावं तसे ते बोलले, "मिस्त्री, तुमी सांगा. मी काय बोललो व्हतो? तेल लावू नका म्हणलो का न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे आधी भावांची तोंडं आली. मग वडिलांचं. मी म्हणालो, "मला काय ठावं. तू दिलं तसं बसवलं मी."

उस्ताद म्हणाले, "आगे के खोल."

पुढच्या चार चकत्या त्याच कातड्याच्या होत्या. त्या कोरड्या होत्या. त्या एका उघड्या दांड्याने सगळं दिसलं असतं. मी पाना हातात घेतला आणि तो खाली ठेवून म्हणालो, "आगे के ठीक हैं, उस्ताद. कायकू खोलना."

एक खोटं बोलणं घाबरून होतं, हे मी समजू शकतो. हे दुसरं घाबरून नव्हतं. हे मी विचार करून बोललो.

सरकारांचा हात ठणकत होता. "पुरे," ते म्हणाले. "उस्ताद, हा माणूस या छपराखाली दिसला तर माझी गाडी तुमच्याकडे येणार नाही. माझीच काय, कोणाचीच येणार नाही."

त्या चांभारांनी चकती पुसून उस्तादांच्या पेटीवर ठेवली. "चामडं माझं हाय," ते म्हणाले. "तेल माझं न्हाई." एवढंच. मग त्यांनी आपली हत्यारं फडक्यात बांधली. दगड एकट्याला उचलणार नव्हता. त्यांनी एक कड धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "धरा."

मी धरला. आम्ही दोघांनी तो दगड रस्ता ओलांडून कडुनिंबाखाली नेला. ते उलटे चालत होते, तोंड माझ्याकडे. मी सगळा वेळ दगडाकडे पाहत होतो. खाली ठेवताना माझं बोट चेपलं. ते म्हणाले, "लागलं का?"

पाऊस लागला आणि ते कुरुंद्याला गेले. दरवर्षी पाऊस उघडला की परत यायचे. त्या वर्षी आले नाहीत. दगड दोन-तीन महिने कडुनिंबाखाली पडून होता, मग बैलगाडी आली आणि तोही गेला.

मागच्या शॉकपला उस्तादांनी गिरणीच्या जुन्या पट्ट्याच्या चकत्या घातल्या. पुढच्या तशाच राहिल्या. गाडी चालत राहिली. मी कामात वाढत गेलो. लोक मला नाव घेऊन शोधत येऊ लागले. खिडकीखालची जागा उस्तादांनी कोणाला दिली नाही, मीही तिथे काही ठेवलं नाही, आणि त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

अठ्ठेचाळीसच्या गडबडीत उस्तादांनी हिंगोली सोडायचं ठरवलं. निजामाचं राज्य गेलं होतं आणि त्यांच्या घरच्यांना इथे राहणं सोपं नव्हतं. गॅरेज त्यांनी माझ्या हाती दिलं. निघण्याच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दारात उभे होतो. बायकामुलं टांग्यात बसली होती. किल्ली माझ्या हातात देताना ते म्हणाले, "आगे के दोनों मैं खोला था रे."

मला एकदम समजलं नाही.

"सरकार की गाडी के. वो मोची गया उसके दूसरेच दिन. सूखे थे."

मी विचारलं, "तुम्ही बोलले का नाही, उस्ताद?"

"तू बोलेगा करके रुका," ते म्हणाले. "रुकते-रुकते रह गया. मेरी बी गलती है." त्यांनी किल्लीवर माझी मूठ मिटवली आणि टांग्यात चढले. चार वर्षं ते माझ्या शेजारी बसून, माझ्या तोंडाकडे बघत, वाट पाहत होते. मी त्या वर्षांत त्यांच्याकडून किती शिकलो ते मला आठवतं. ते काय शिकवू पाहत होते ते कळलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने कुरुंद्याच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची लॉरी दुरुस्त झाली. ती पोचवायला मी स्वतः गेलो. दुसऱ्या माणसाला पाठवता आलं असतं. वाट खराब होती आणि वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होतो, ठरवलेलं पुन्हा मोडत होतो.

ते गावाच्या कडेला आपल्या घरापुढे बसले होते. समोर नवी मोट पसरलेली, आणि ते तिला तेल पाजत होते. करंजाचा वास आला आणि मी दोन पावलं अलीकडेच थांबलो. त्यांनी मला लगेच ओळखलं. "या मिस्त्री," म्हणाले आणि पोतं झटकून टाकलं. मी बसलो. तो काळा दगड भिंतीशी होता.

"तुमी लई दिसांनी भेटले," मी म्हणालो. त्यांना "तुमी" म्हणण्याची ती माझी पहिली वेळ. त्यांनी मान वर करून पाहिलं. मग मी सांगितलं. जसं वर लिहिलं आहे तसंच, पण त्याहून वाईट रीतीने, अडखळत. तेल मी लावलं. मला तुमचं बोलणं आठवत होतं. पुढच्या चकत्या मी मुद्दाम उघडल्या नाहीत.

ते तेलाचा हात मोटेवर फिरवत राहिले. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "मला तव्हाच कळलं व्हतं. तुमच्या वहाणांचा अन् त्या चकत्यांचा वास एकच व्हता."

"मंग बोलले काहून न्हाई?"

"माझं कोण आयकून राहिलं व्हतं? तुमचं आयकलं असतं."

त्यांनी हात पुसले आणि असं काही विचारलं जे माझ्या ठरवलेल्या बोलण्यात कुठेच नव्हतं.

"म्होरल्या चाकांच्या चकत्या कशा निघाल्या?"

"अजून त्याच हायेत," मी म्हणालो. "मागच्या हिवाळ्यात मी नट पाव फेरा आवळला, तेवढंच. झिजल्या न्हाईत."

"वरडत्यात?"

"न्हाई. पोतडं लावून बघितलं. बराबर बसतं."

त्यांचं तोंड उजळलं. मोठ्या माणसाचं तोंड असं उजळलेलं मी क्वचित पाहिलं आहे. "मंग माप बराबर व्हतं," ते म्हणाले. "मला वाटत व्हतं. पर डोळ्यानं बघाया भेटलं न्हाई ना." चार वर्षं त्यांना हे जाणून घ्यायचं होतं. आणि मी आलो होतो ते माझं ओझं उतरवायला.

मी त्यांना म्हटलं, आता गॅरेज माझ्याकडे आहे, खिडकीची जागा रिकामी आहे, चला. ते बराच वेळ दगडाकडे बघत राहिले.

"तिथं बसलो अन् सरकार आले, तर मी कोण? मोट फाडून चकत्या देणारा." मग सावकाश म्हणाले, "मला सांगून काय उपेग, मिस्त्री? मला तर ठावं हाय. जिथं माझं नाव गेलं तिथं सांगा. सरकाराला सांगा. मंग मी दगड घेऊन येतो."

"सांगतो," मी म्हणालो. "आजच जातो."

व्यापाऱ्याने परतीसाठी मला त्याचीच लॉरी दिली होती. दोन दिवसांनी हिंगोलीहून माल भरायला तिला यायचंच होतं. दुपार कलली होती. वारंग्याच्या फाट्यावर आलो. एक रस्ता डोंगरकड्याला जातो, दुसरा हिंगोलीला. मी लॉरी थांबवली. सरकार घरी असणार, हे मला माहीत होतं. काय होईल तेही मी मनात पाहिलं. ते मला मारणार नव्हते. ते फक्त माझ्याकडे बघतील, मग आपल्या वाकड्या जुळलेल्या मनगटाकडे बघतील, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुलखाला कळेल की हिंगोलीच्या मिस्त्रीने काय केलं. गॅरेज हाती येऊन महिना झाला होता. माझं लग्न ठरत होतं.

मागून एक बैलगाडी आली. गाडीवान ओरडला, "ओ मोटारवाले, झोपले का? कोण्या तरी अंगाला तोंड करा."

मी हिंगोलीकडे वळलो. मनाला सांगितलं, आठवड्याने जाऊ. मग दिवाळी झाल्यावर. मग लग्न झाल्यावर. खिडकीखालची जागा मी झाडून घेतली आणि पाऊस येईपर्यंत रिकामी ठेवली. ते आले नाहीत; यायचं कारण नव्हतं. मी त्यांना वचन देऊन आलो होतो, आणि ते माझ्या शब्दाची वाट बघत बसले असतील की त्यांना तेव्हाच सगळं कळलं असेल, हे मला माहीत नाही. दुसरंच खरं असावं. त्यांना चामड्यासारखी माणसंही हाताने कळत.

पुढे सरकारांनी ती गाडी विकली, आणि काही वर्षांनी ते वारले. ज्याच्यापुढे सांगायचं होतं तो माणूस आता नाही. म्हणून हे इथे लिहितो. डोंगरकड्याकडची, कुरुंद्याकडची जी माणसं हे वाचतील त्यांच्यापैकी कोणाला ती गाडी आणि तो अपघात आठवत असेल, तर त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: चामडं नवं होतं, पाठीचं होतं, मोटेचं नव्हतं. ते कोरडं दिलं होतं, आणि कोरडंच ठेवा असं बजावूनही सांगितलं होतं. माप बरोबर होतं. तेल माझं होतं.